पार्किन्सन्समध्ये झोपल्यावर बीपी १७०, उभं राहिल्यावर ९०: गोळी न वाढवता काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, पार्किन्सन्सला सात वर्षं झाली, लेवोडोपा ही पार्किन्सन्सची मुख्य गोळी चालू आहे. बीपीची एक जुनी गोळीही चालू आहे. सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, दोनदा पडलेत. तेव्हा मोजलं तर वरचं ९० च्या आसपास येतं, रात्री अंथरुणात मोजलं तर १७०. एक डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, दुसरे म्हणतात वाढवा. आणखी गोळी नको असेल तर घरी काय करायचं?

दोन्ही डॉक्टरांनी बहुतेक दोन वेगवेगळे आकडे पाहिले आहेत. एकाने आडवं असतानाचा, दुसऱ्याने उभं असतानाचा. पार्किन्सन्समध्ये बीपी हा एक आकडा नसतो. उभ्याचं, बसल्याचं आणि आडव्याचं अशी तीन बीपी असतात, आणि दिवसा करायचे उपाय रात्री केले तर उलटतात. पुढचं सगळं याच धोरणाने वाचा.

असं का होतं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की कुठला उपाय कधी करायचा हे पाठ करावं लागत नाही. माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीरात मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना हे लगेच जाणवतं, मग मज्जातंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं आणि खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन फक्त मेंदूत साचत नाही, हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतही साचतं. ते तंतू झिजले की हे आवळणं वेळेवर होत नाही. आडवं झाल्यावर बीपी खाली आणणारी यंत्रणाही तीच, त्यामुळे आडवं होताच ते वर जातं. रात्री मूत्रपिंडांना हा वाढलेला दाब दिसतो आणि ती मीठ-पाणी बाहेर टाकत बसतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. पहाटेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि म्हणून सकाळचं बीपी दिवसातलं सगळ्यात वाईट. म्हणजे सकाळची चक्कर रात्रीच तयार होत असते. सकाळ सुधारायची तर काम रात्रीपासून सुरू करावं लागतं.

आधी नीट मोजा

आठवडाभराची वही केल्याशिवाय काहीही बदलू नका. दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको. ज्या हाताला कंप कमी त्या हातावर मोजा. हे यंत्र पट्ट्यातली स्पंदनं वाचतं आणि कंपामुळे चुकतं, ‘एरर’ तरी दाखवतं किंवा भलताच आकडा देतं. वडिलांना पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा. मग उभं करा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. नाडीही लिहा. उभ्याने मोजताना हात खाली लोंबू देऊ नका. दुसऱ्याने तो कोपरातून धरून छातीच्या पातळीला आणायचा, किंवा उंच टेबलावर टेकवायचा. लोंबत्या हातावर आकडा दहाएक पॉइंटने जास्त येऊ शकतो आणि खरी घसरण झाकली जाते. ही चूक दवाखान्यांतही सर्रास होते.

वेळा अशा ठेवा: सकाळी पलंगावरून उतरण्याआधी आणि उतरल्यावर, लेवोडोपाच्या एका डोसच्या आधी आणि तासाभराने, दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर तासाने, रात्री निजल्यावर. रोज सगळं जमणार नाही. एक दिवस सकाळ, एक दिवस जेवण असं वाटून घेतलं तरी चालतं.

आता वाचायचं कसं? उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. आडव्याचं मुळातच जास्त असेल तर ३० ची घसरण धरतात. नाडीकडेही पाहा. बीपी ४० ने उतरलं आणि नाडी फक्त आठ-दहाने वाढली, तर दोष मज्जातंतूंचा आहे. नाडी तीस-चाळीसने उसळली तर अंगातलं पाणी कमी आहे, ताप आहे, जुलाब झालेत किंवा कुठे रक्त जातंय असं समजून तपासणी करा. (नाडी मंद ठेवणारं बीटा-ब्लॉकर औषध चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर नाडीचा हा नियम लागू होत नाही.) आणि घसरण अजिबातच नसेल, तिन्ही स्थितींत बीपी जास्तच असेल, तर हा साधा रक्तदाब आहे. तिथे मीठ कमी, वजन आटोक्यात, रोजचं चालणं हा नेहमीचा सल्लाच खरा. या लेखात पुढे दिलेलं काही करू नका.

घसरण किती याहून उभं असताना शेवटी किती उरतं ते महत्त्वाचं. १६० वरून ११५ वर आलेला माणूस बहुधा ठीक चालतो, १२० वरून ८५ वर आलेला कोसळतो. आणि चक्कर हे एकच लक्षण धरू नका. उभं राहिल्यावर मान-खांदे दुखतात आणि बसलं की थांबतात, नजर अंधूक होते, बोलणं अडखळतं, जेवणानंतर माणूस ‘बंद’ पडल्यासारखा होतो, हीही घसरणीची लक्षणं आहेत. ‘आज गोळी लागली नाही’ असं समजून घरचे लेवोडोपा वाढवायला बघतात. त्याआधी बीपी मोजा.

नव्या गोळीआधी जुन्या गोळ्या

औषधाशिवाय बीपी सांभाळायचं म्हणताना पहिली पायरी बऱ्याचदा औषध काढण्याची असते. पार्किन्सन्स होण्याआधी वीस वर्षं चालू असलेली बीपीची गोळी तशीच चालू राहते. कुणी ती बंद करत नाही, कारण दवाखान्यात बसवून मोजलं की १४० येतं. वही घेऊन डॉक्टरांना थेट विचारा: ही गोळी अजून हवी का, हवी असेल तर सकाळऐवजी रात्री देता येईल का, जास्त काळ टिकणारीऐवजी कमी काळाची चालेल का? लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, टेराझोसिन किंवा प्राझोसिन, सिल्डेनाफिल, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्यविरोधी गोळ्या ही सगळी उभ्याचं बीपी पाडतात. पार्किन्सन्सची औषधंही पाडतात: लेवोडोपा, त्याहून जास्त प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल. पण ही शेवटची औषधं स्वतःहून कमी करू नका. लेवोडोपा एकाएकी थांबवला तर तीव्र ताप, अंगाची कडक ताठरता आणि शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो.

इथे एक सापळा आहे आणि तो आपल्याकडे फार दिसतो. ‘चक्कर येते’ म्हणून जवळच्या दवाखान्यात गेलं की प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन लिहून मिळतं. ती कानाच्या चक्करेची औषधं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं जे रसायन कमी पडतं त्या डोपामिनचा मार्ग ती अडवतात, म्हणजे पार्किन्सन्स वाढवतात, आणि उभ्याच्या बीपीला काडीचाही उपयोग करत नाहीत. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइडही याच यादीत. ही चार नावं फाइलच्या पहिल्या पानावर ‘देऊ नये’ म्हणून लाल शाईने लिहून ठेवा.

जडीबुटीचंही इथेच सांगून टाकतो. सर्पगंधा ‘बीपीसाठी नैसर्गिक’ म्हणून मिळते. तिच्यात रेसरपिन असतं, ते मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. पार्किन्सन्समध्ये ती पूर्ण वर्ज्य. खाजकुहिलीच्या बियांच्या चूर्णात, म्हणजे कपिकच्छूत, प्रत्यक्ष लेवोडोपाच असतो. गोळीवर चूर्ण घेतलं की डोस वाढून बीपी पडतं, आणि घरच्यांना कारण सापडत नाही. ज्येष्ठमध रोज खाल्ला तर बीपी चढतं हे खरं, पण पोटॅशियम उतरतं आणि आडव्याचं बीपीही चढतं.

शक्य असेल तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. शाकाहारी घर, वय, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, त्यात लेवोडोपा, एवढी कारणं एकत्र आली की बी-१२ कमी असणं अगदी शक्य आहे. त्या कमतरतेने आणि हिमोग्लोबिन कमी असल्याने ही घसरण वाढते, आणि हे भरून काढणं सोपं असतं.

रात्र: पलंगाची डोक्याकडची बाजू

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय हा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २३ सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे. सुताराला सांगून वरच्या बाजूला पाय बसेल एवढा खळगा करून घ्या, नाहीतर पलंग ठोकळ्यावरून सरकतो. विटा लावू नका, त्या फुटतात. साडेसहा फुटी पलंगाला २३ सेंटिमीटरने जेमतेम सात अंशांचा उतार येतो. म्हणजे हे फार वाटलं तरी फार नसतं, आणि दोन-तीन इंचांवर थांबलं तर उपयोग होत नाही. पहिल्या आठवड्यात १० सेंटिमीटर, मग वाढवत न्या. खाली पेटी असलेला दिवाण असेल तर संपूर्ण गादीखाली, डोक्यापासून पायापर्यंत, उतरता फळ्यांचा सांगाडा करून घ्यावा लागतो.

डोक्याखाली तीन उश्या घेणं हा त्याला पर्याय नाही. त्याने मान वाकते, रक्ताच्या दृष्टीने धड आडवंच राहतं. कमरेपासून वर उचलणारा हॉस्पिटलचा पलंग असेल तर तो ३० अंशांवर ठेवा, तो चालतो.

उतारामुळे मूत्रपिंडांकडचा दाब कमी होतो, रात्रीची लघवी कमी होते, सकाळी अंगात पाणी उरतं. फरक पहिल्या रात्री शोधू नका, एक-दोन आठवडे द्या. अडचण दोन प्रकारची येते. माणूस खाली घसरतो: पायाशी एक घट्ट लोड किंवा फळी लावा. आणि कूस बदलणं सोपं जावं म्हणून पार्किन्सन्समध्ये सॅटिनची गुळगुळीत चादर सुचवतात, ती उतारावर घसरगुंडी होते. अशा वेळी चादर सुतीच ठेवा आणि फक्त कमरेखालच्या पट्ट्यात सॅटिनचा तुकडा शिवून घ्या. पाय सुजले तर घाबरू नका. थोडी सूज याचा अर्थ पाणी अंगात टिकतंय असाही असतो, पण धाप लागत असेल तर डॉक्टर.

संध्याकाळी सहानंतर पाण्याचा मोठा ग्लास नाही. रात्रीच्या गोळीपुरते घोट ठीक. लोणचं-पापड रात्रीच्या ताटात नको. दिवसभर कुठलंही आडवं पडणं टाळा. वामकुक्षी घ्यायचीच तर आरामखुर्चीत, पाय खाली सोडून. झोपताना एखादं केळं किंवा वाटीभर लापशी असा छोटा पिष्टमय खाऊ दिला तर त्याने आडव्याचं बीपी थोडं उतरतं. जेवणानंतरची घसरण दिवसा शत्रू असते, रात्री तीच कामाला लावायची. मधुमेह असेल तर हे साखरेच्या आकड्यांशी ताडून ठरवा. पण खाल्ल्यावर पुढचे दोन तास उठून चालणं धोक्याचं, हे लक्षात ठेवा.

रात्री लघवीसाठी बाथरूमपर्यंत पाठवूच नका. पलंगाच्या कडेला बसून युरिन पॉट. पुरुष उभे राहून लघवी करायचा आग्रह धरतात. झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना कोसळणं हा ठरलेला अपघात आहे.

सकाळ

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक पडझड सकाळच्या दोन-तीन तासांत होते. त्या वेळात चार गोष्टी एकावर एक येतात: रात्रभर कमी झालेलं पाणी, लेवोडोपाचा पहिला डोस, पोहे-उपमा-चहाचा नाश्ता आणि गरम पाण्याची आंघोळ. प्रत्येक गोष्ट एकेकटी सहन होते, चारही एकत्र झाल्या की माणूस न्हाणीघरात पडतो. उपाय म्हणजे त्यांना एकमेकींपासून लांब करणं.

जाग आली की आडवं असतानाच पोटाचा पट्टा बांधा (कोणता आणि कसा ते पुढे येतं). मग पलंगावरच पाठ टेकून बसवा आणि साधं पाणी, अर्धा लिटर, म्हणजे २५० मिलिचे दोन ग्लास, तीन ते पाच मिनिटांत संपवायचं. थोडं थोडं करून तासभर प्यायलं तर हा परिणाम येत नाही. पोटात एकदम गेलेल्या पातळ पाण्याने मज्जातंतू चेतवले जातात. पाच-दहा मिनिटांत बीपी चढू लागतं, अर्ध्या तासाने सर्वांत वर असतं, तासा-दीड तासात ओसरतं. ज्यांचे मज्जातंतू बरेच झिजलेत त्यांच्यात वरचं बीपी वीस-तीस पॉइंटनेही वाढलेलं दिसतं. पाणी साधंच हवं. मीठ-साखर घातलं, सरबत केलं किंवा त्याऐवजी ताक दिलं तर हा झटपट परिणाम कमी होतो. ताक आणि पन्हं दिवसभराच्या पाण्यात मोजा, या ग्लासांच्या जागी नाही. लेवोडोपाचा पहिला डोस याच पाण्याबरोबर दिला की गोळीने बीपी पडायच्या वेळी पाण्याचा आधार असतो, आणि पोट रिकामं असल्याने गोळीही चांगली लागते.

गिळताना ठसका लागत असेल तर हा प्रयोग नको. पार्किन्सन्समध्ये पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, रक्तातलं सोडियम कमी राहत असेल, तर पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टर ठरवतील.

पाणी प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिथेच. पावलं वर-खाली तीस वेळा, मुठी आवळणं, मांड्या पाच सेकंद घट्ट करून सोडणं. मग पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं. मग उभं राहायचं, हाताशी धरायला काहीतरी हवं. उभं राहून नितंब आणि मांड्या आवळून मनात साठपर्यंत मोजायचं, आणि मगच पाऊल टाकायचं. घाई करणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो, त्याला उठवणारा असतो.

नाश्ता गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने आणि अर्धाच. उरलेला अर्धा दीड-दोन तासांनी. नाश्त्याबरोबर कॉफी चालत असेल तर एक कप जरा मदत करते, संध्याकाळी नको. आंघोळ नाश्त्याला लागून नाही: अकराच्या सुमारास, कोमट पाण्याने, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. गरम पाणी आणि कोंडलेली वाफ त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलवतात. अंग पुसणं आणि कपडे घालणंही बसूनच. दाराला आतून कडी नाही. दिवाळीतलं पहाटेचं अभ्यंगस्नान म्हणजे चारही गोष्टी एकाच वेळी, ते दुपारी करा.

शौचालय कमोडचं हवं आणि बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. उकिडवं बसून उठताना सगळं रक्त एकदम खाली जातं. कुंथल्यानेही बीपी पडतं, म्हणून बद्धकोष्ठ हा बीपीचाच प्रश्न समजा. इसबगोल एक-दोन चमचे, पण पूर्ण ग्लास पाण्याबरोबरच. कमी पाण्यात ते आत फुगून उलट अडकतं.

मीठ, पाणी, पट्टा

दिवसभरात पाणी दोन ते अडीच लिटर, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. मिठाचं सामान्य माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगतात. या घसरणीसाठी तज्ज्ञ ६ ते १० ग्रॅम सुचवतात. सपाट चमचाभर मीठ साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं. आपल्या नेहमीच्या मराठी जेवणात, आमटी-भाजी-लोणचं-पापड धरून, एवढं मीठ बऱ्याचदा जातंच. म्हणून जास्तीचं मीठ घालण्याआधी हे बघा की घरात जुन्या बीपीमुळे अळणी स्वयंपाक तर चालू नाही ना. तसा असेल तर फक्त नेहमीच्या चवीवर आणा, पुष्कळदा तेवढं पुरतं. कमी सोडियमचं मीठ वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि इथे हवं ते सोडियमच कमी असतं. अंदाजावर चालायचं नसेल तर २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजता येतं. ते १७० मिलिमोलच्या खाली असेल तर मीठ कमी पडतंय. रात्री निजल्यावर बीपी १६० च्या वर राहत असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मीठ वाढवू नका, आणि वाढवलं तरी ते सकाळ-दुपारच्या जेवणात.

पोटाचा पट्टा म्हणजे बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरतात तो रुंद इलॅस्टिकचा. पट्ट्या घातलेला कमरेचा बेल्ट नव्हे. तो बरगड्यांखालून कमरेच्या हाडापर्यंत यावा. आडवं असताना बांधायचा, दोन बोटं आत जातील एवढा घट्ट, आणि आडवं होण्याआधी न चुकता सोडायचा. पट्टा बांधून झोपलं तर रात्रीचं बीपी आणखी चढतं. उपयोग होतो का हे मोजून ठरवा: एक सकाळ पट्ट्याशिवाय उभ्याचं बीपी, दुसरी सकाळ पट्ट्यासह. आत सुती बनियन घाला, नाहीतर उन्हाळ्यात पुरळ येतं. घट्ट पायमोजांपेक्षा मी पट्ट्याला वरचा क्रम देतो. रक्ताचा मोठा साठा पोटात होतो, गुडघ्यापर्यंतचे मोजे त्याला शिवतही नाहीत. कमरेपर्यंतचे मोजे कामाचे असतात, पण कंप आणि ताठरता असलेल्या माणसाला ते रोज चढवणं म्हणजे दोघांची कुस्ती. दोन आठवड्यांत ते कपाटात जातात.

जेवण

जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं आणि पुढच्या दोन तासांत बीपी पडतं. भात, पोळ्या आणि गोड यांचा ढीग जितका मोठा आणि जितका गरम, तितकी घसरण मोठी. पुरणपोळीचा दिवस म्हणूनच वाईट. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी करा, भात निम्मा, त्याच्या जागी भाजी-कोशिंबीर. दुपारच्या जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी पुन्हा अर्धा लिटर पाणी. जेवणानंतर तासभर खुर्चीत, पट्टा बांधलेला. बँकेची कामं, जिना, देवळातली रांग या वेळेत ठेवू नका.

डाळ, पनीर, अंडं, दूध यांतली प्रथिनं लेवोडोपाच्या शोषणाशी स्पर्धा करतात. थोडं थोडं सहा वेळा खायचं म्हटलं की गोळी रिकाम्या पोटी बसवणं अवघड होतं. तोडगा असा: गोळीच्या आधीचा आणि लगेच नंतरचा खाऊ फळाचा किंवा एखाद्या भाकरीच्या तुकड्याचा, प्रथिनांचा मोठा वाटा संध्याकाळच्या जेवणात.

निर्जळी उपास या आजारात बसत नाहीत. साबुदाण्याचे उपासही फसवे, कारण ते निव्वळ पिष्ट. दारू रक्तवाहिन्या सैल करते. दोन पेग घेऊन जेवायला उठणं म्हणजे पडण्याची तयारी.

उभं असताना अंधारी येऊ लागली तर

पहिलं काम बसणं. जवळ काही नसेल तर जमिनीवर. उंच खुर्चीपेक्षा बुटकं स्टूल चांगलं. बसून एका मांडीवर दुसरी मांडी घट्ट आवळा, पुढे वाका. उभंच राहावं लागत असेल, उदाहरणार्थ आरतीला, तर पाठ भिंतीला टेकवून टाचा उचलणं-टेकवणं, नितंब आवळणं, किंवा एक पाय पायरीवर ठेवणं. पायाला पाय आडवा घालून उभं राहण्याची युक्ती सगळीकडे सांगतात आणि ती बीपीसाठी खरंच चांगली आहे, पण तोल गेलेल्या पार्किन्सन्समध्ये ती भिंतीच्या आधाराशिवाय करायची नाही. शुद्ध हरपली तर आडवं करून पाय वर उचला. त्या वेळी आडव्याच्या बीपीची काळजी नको.

व्यायाम सोडला तर घसरण वाढते, म्हणून बसून किंवा आडवं होऊन करायचा व्यायाम निवडा: मागे टेकून चालवायची सायकल, खुर्चीतले व्यायाम, दुपारी किंवा संध्याकाळी, सकाळी नको. पाण्यात पोहताना बीपी छान राहतं, शिडीने बाहेर येताना पडतं, तिथे माणूस हवा. योगवर्गात धोका शेवटी असतो: दहा मिनिटं शवासन आणि मग सगळ्यांबरोबर झटकन उभं. कपालभातीसारखं वेगाने श्वास टाकणंही उभ्याचं बीपी पाडतं. उन्हाळ्यात अकरा ते पाच घराबाहेर नको, आणि ताप-जुलाबात घसरण दुप्पट वाटेल, तेव्हा आधी पाणी.

गोळी कधी मान्य करायची

ठोकळे, पाणी, पट्टा, जेवण आणि जुन्या गोळ्यांची छाटणी हे सगळं तीन-चार आठवडे नीट करूनही उभ्याचं बीपी ९० च्या खाली राहत असेल, किंवा पुन्हा पडले, तर हट्ट धरू नका. मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन या उभ्याचं बीपी वाढवणाऱ्या गोळ्या आपल्याकडे मिळतात. मांडीचं हाड मोडण्यापेक्षा त्या गोळ्या परवडतात. मिडोड्रिन चालू झालं तर शेवटचा डोस आणि झोप यांत किमान चार तासांचं अंतर हवं, आणि तो घेतल्यावर आडवं व्हायचं नाही. पट्टा, पाणी आणि ठोकळे तेव्हाही चालूच राहतात.

निजल्यावरचं बीपी उतारावर झोपूनही सलग काही रात्री १८० च्या वर येत असेल तर रात्रीपुरती कमी काळाची गोळी लागू शकते. १६० पर्यंत बरेच न्यूरॉलॉजिस्ट थांबून पाहतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं किंवा एक हात अचानक जाणं, डोक्यावर पडणं, यातलं काही झालं तर वही नंतर, आधी दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना आकड्यांपुढे वेळ, आडवं-बसलेलं-उभं, शेवटची गोळी किती वाजता आणि शेवटचं जेवण किती वाजता, एवढं लिहिलेलं असू द्या. नुसतं ‘१७०/९५’ लिहिलेल्या वहीवर बहुतेक वेळा आणखी एक बीपीची गोळीच मिळते.